टाकीमागच्या गल्लीचा भूकंप

लातुरात एका गल्लीपुरता भूकंप होत असे, हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. पलीकडच्या गल्लीत लोक निवांत चहा पीत बसलेले असायचे आणि इकडं टाकीमागच्या गल्लीत बायामाणसं, शिकवणीची सगळी मुलं आणि वीरण्णा भांडीवाल्याचा म्हातारा कुत्रा, असे सगळे रस्त्यावर उभे. जमीन जिथल्या तिथं होती. हलत होते ते फक्त शेषेराव सर. पण सर हलले असं म्हणायची त्या काळी लातुरात कुणाची छाती नव्हती, म्हणून जमीन हलली असं सगळ्यांनी मिळून मान्य केलं होतं.

शेषेराव सर फिजिक्स शिकवत. त्या वर्षांत बारावीच्या शिकवण्यांना गावात असा बहर आला होता की ज्याच्या घराला गच्ची होती त्यानं गच्चीवर पत्रे टाकून क्लास काढला, ज्याला गच्ची नव्हती त्यानं खाली मेस काढली आणि ज्याच्याकडं दोन्ही नव्हतं त्यानं सायकली लावायची जागा काढली. मुखेड, भोकर, मुदखेडकडची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरत. रिक्षावाला नाव-गाव विचारायच्या आधी विचारायचा, "फिजिक्स कुणाकडं?" उत्तर शेषेराव सर असं आलं तर ट्रंक स्वतः उचलून ठेवायचा. दुसरं कुणाचं नाव आलं तर म्हणायचा, "ठेव की बाबा, हात न्हाईत का तुला?"

या कीर्तीचं कारण फक्त फिजिक्स नव्हतं. सर उभ्यानं शिकवत. पहाटेच्या बॅचला उभे राहिलेले सर दिवेलागणीच्या बॅचनंतर स्टेजवरून उतरत. मधे त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. स्टेजवर टेबल होतं, खुर्ची नव्हती. खुर्ची ही ऐकणाऱ्याची सोय आहे, सांगणाऱ्याची नाही, असं त्यांचं म्हणणं. गल्लीच्या तोंडाशी बोर्डच लावला होता: शेषेराव सरांचे फिजिक्स, सर्व तास उभ्याने. नवी पोरं तो वाचून घाबरायची आणि आईबापांना हळूच विचारायची, की आपल्यालाही उभं राहावं लागतं का.

तर अशा मानी माणसाची कंबर दुखत असे.

एक दिवस नाही, एक महिना नाही, किल्लारीच्या भूकंपापासून. सकाळी अंथरुणातून उठणं हा त्यांचा एक स्वतंत्र तासच असे. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग खाटेचा खूर धरून, आणि मग तोंडातून शब्द न काढता सरळ. हातातून खडू पडला तर सर तो उचलत नसत, खिशातून नवा काढत. मुलांना वाटे, केवढा दिलदार माणूस. घरात कंबर हा शब्द बंद होता. पँट सैल झाली असेल तर प्रमोदिनीबाईंना "पट्टा लावता तिथं सैल झालीय" असं म्हणावं लागे. बाई स्वतः शाळेत शिकवत. वर्गातल्या द्वाड पोराला सुधारायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं, पण घरातल्यापुढं त्यांनी हात टेकले होते. "दुखतंय का?" विचारलं की "अवघडलंय" असं उत्तर यायचं. सहा-सात वर्षं माणूस अवघडून राहिल्याचं त्यांनी दुसरीकडं कुठं पाहिलं नव्हतं.

आता कंबर गेली कशी, तेही सांगितलं पाहिजे, आणि ते हसून सांगण्यासारखं नाही. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीच्या अंगाची गावं जमिनीवर आली, त्या सकाळी सर पहिल्या निघालेल्या टेम्पोत चढले. तेव्हा त्यांच्या अंगात रग होती. एका गावात पावसात उभं राहून त्यांनी दगड उपसले, किती दिवस ते त्यांनाही आठवत नाही. एक तुळई उचलताना पाठीत खाली काहीतरी कट्‌कन झालं. त्या वेळी तिकडं बघायला सवड नव्हती. परत आल्यावर बघायला लाज वाटली. जिथं घरंच्या घरं गेली तिथून आलेल्या माणसानं, माझी कंबर दुखते, असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? म्हणून त्यांनी म्हटलंच नाही. पुढं पुढं त्या लाजेचा अभिमान झाला, अभिमानाचा बोर्ड झाला, आणि बोर्ड गल्लीच्या तोंडाशी लागला.

आता गल्लीतली एक रीत. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी तांब्या पालथा घालून त्यावर पेला आणि पेल्यावर वाटी ठेवायची पद्धत पडली होती. जमिनीनं जरा अंग झाडलं की वाटी खण्णकन पडणार आणि माणसं बाहेर पळणार. बाकीच्या गावानं हळूहळू ती भांडी पुन्हा पाणी प्यायला घेतली. टाकीमागच्या गल्लीत मात्र वीरण्णाचं भांड्यांचं दुकान असल्यानं ही रीत जिवंत राहिली. सरांच्या स्टेजवरच्या टेबलावरही एक तांब्या, एक पेला, एक वाटी असे.

एक दिवस सर इलॅस्टिसिटी शिकवत होते. वस्तू ताणली की लांबते, सोडली की मूळ जागी येते, पण मर्यादेबाहेर ताणली की येत नाही. हे सांगताना त्यांनी फळ्यावर स्प्रिंग काढायला हात वर नेला आणि कंबरेत अशी कळ निघाली की सर सगळेच्या सगळे टेबलावर गेले. टेबल हललं, वाटी पडली, पेला पडला, तांब्या गडगडत पहिल्या बाकापर्यंत गेला. वर्ग श्वास रोखून सरांकडं बघू लागला. सरांच्या कपाळावर घाम, हात टेबलावर. अशा वेळी दोनच गोष्टी म्हणता येतात. त्यांतली एक खरी होती, म्हणून सरांनी दुसरी म्हटली.

"हादरा होता. ओळीनं बाहेर चला."

मुलं बाहेर आली. शेजारी गुरम्माबाईंची मुलींची मेस, तिथल्या मुली लाटणी घेऊन बाहेर आल्या. वीरण्णा दुकानातून आला. सरांना वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल की आम्हाला काही कळलं नाही. पण तसं म्हणणं म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे असं कबूल करणं.

"मला तर दोन बसले," वीरण्णा म्हणाला. "एक असा आडवा, अन् एक उभा."

"माझी भाकरी तव्यावरून खाली पडली," गुरम्माबाई म्हणाल्या.

"भाकरी तुझी रोजच पडती, अक्का."

"रोज हातातून पडती. आज तव्यावरून पडली."

सर रस्त्यावर उभे राहिले. कळ ओसरली होती. सगळे त्यांच्याभोवती उभे, त्यांच्या तोंडाकडं बघत. आणि खोटं का बोला, त्यांना बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात हादरा पुन्हा आला, मग दर दोन-चार दिवसांनी येऊ लागला. थंडी वाढेल तसे हादरे वाढत. पहाटेच्या बॅचला जास्त येत. पावसाळी हवा असली की दिवसातून दोनदाही. सर्वांत आधी कळे ते सरांना, याचं गल्लीला फार कौतुक वाटे. दुसऱ्या गल्लीतल्या लोकांना काहीच जाणवत नाही यावर वीरण्णानं शोध लावला की तिकडं खाली काळी माती आहे आणि आपल्या खाली खडक. त्यानं तांब्या-पेला-वाटीचे जोड एकत्र बांधून दुकानात टांगले आणि गिऱ्हाइकाला सांगू लागला, "साधं न्हाई, सरांच्या टेबलावरचं माप हाय." लग्नाच्या आहेरातसुद्धा ते जोड जाऊ लागले. माणसं अंगणात झोपू लागली. एक जण बांधकाम काढायच्या आधी सरांना प्लॉटवर घेऊन गेला आणि म्हणाला, "जरा उभे राहून बघा." सर उभे राहिले. काही झालं नाही. त्या माणसानं त्यांना नारळ दिला.

प्रमोदिनीबाई हे सगळं बघत होत्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, भूकंप गादी बदलल्यावर कमी होईल का?"

"काय संबंध?"

"नाही, आपलं विचारलं. आणि शेक घेतला तर?"

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर धरायलाही त्यांना त्रास होत होता, पण तो त्यांनी खाली घेतला नाही.

मग तहसील कचेरीतून पंढरी कारकून आले. गल्लीतल्याच कुणीतरी अर्जी दिली होती. पंढरींच्या हातात फाइल, कानावर पेन.

"अडचण अशी हाय सर," ते म्हणाले, "तुमच्या गल्लीतला भूकंप यंत्रात न्हाई. यंत्रात न्हाई तो भूकंप आम्हाला घेता येत न्हाई. पण अर्जी आली म्हणल्यावर तो झालाच न्हाई असंही लिहिता येत न्हाई."

"मग काय करायचं?"

"चौकशी चालू ठेवायची. आता सांगा, केंद्रबिंदू साधारण कुठं असंल?"

सरांचा हात नकळत मागं गेला. प्रमोदिनीबाई चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "जरा डावीकडं आहे." पंढरींनी डावीकडं असं लिहून घेतलं आणि तिकडच्या भिंतीकडं बराच वेळ बघितलं.

बाईंनी अखेर हट्ट धरला तेव्हा सर दवाखान्यात जायला तयार झाले, पण लातुरात नाही. लातुरात कुणी बघितलं तर बोर्ड उतरवावा लागेल. ते नांदेडला गेले, पुतण्यासाठी मुलगी बघायचीय असं गल्लीत सांगून. हाडांच्या डॉक्टरांकडं बाकावर जागा नव्हती, कारण बाकावर लातूर बसलं होतं. केमिस्ट्रीचे माधवराव सर मान एका बाजूला धरून बसले होते. "भाच्याला दाखवायला आलो," ते म्हणाले. भाचा कुठं दिसत नव्हता. शेजारी गणिताचे एक सर दोन्ही गुडघ्यांवर रुमाल टाकून, ते म्हणे वीजबिल भरायला आले होते, नांदेडला. बायोलॉजीच्या बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केला आणि कुणीच कुणाला बघितलं नाही असं न बोलता ठरलं. त्या दिवशी लातुरात बारावी सायन्सचे निम्मे वर्ग बंद होते, आणि मुलांना ती सुट्टी कशाची हे आजवर कळलेलं नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो दिव्यासमोर धरला. "हे जाणार नाही, सर. कमीजास्त होईल. सांभाळलंत तर चांगले दिवस जास्त येतील. व्यायाम सांगतो, तो करा. आणि बसून शिकवा."

"बसून," सर म्हणाले, जणू त्यानं धोतर सोडून शिकवा म्हटलं होतं.

"कळेपेक्षा खुर्ची वाईट का?"

व्यायामाचा कागद त्यांनी एसटीच्या खिडकीतून सोडून दिला आणि मग भोकरपर्यंत मान वळवून त्याच्याकडं बघण्याचा प्रयत्न केला, पण कंबर वळली नाही. नांदेडहून लातूरला जाताना भोकर लागत नाही, हे खरं. चुकून दुसऱ्याच गाडीत बसले होते. माणूस स्वतःपासून पळाला की वाट अशीच चुकतो.

आता सुकन्या. सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी किल्लारीकडची, नव्यानं वसवलेल्या गावातली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. सरांनी आजवर अनेक हुशार पोरं शिकवली, पण सुकन्या प्रश्न विचारू लागली की सर खडू खाली ठेवून ऐकत. हिचा नंबर लागणारच, हे सरांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तिच्या गावाचं नाव प्रवेशाच्या वेळी ऐकलं तेव्हा सर जरा थांबले होते. तुळई त्याच गावातली होती. ते कुणाला बोलले नाहीत.

तिचे वडील किशनराव महिन्यातून एकदा तूप घेऊन येत. भूकंपाच्या पहाटे त्यांची बायको तारामती गेली आणि त्यांचा पाय तुळईखाली आला. पाय जोडला गेला, पण दुखायचा थांबला नाही. किशनराव ते लपवत नसत, उलट पाय घेऊन ते मिरवतच. एसटीत चढले की कंडक्टरला पाय दाखवून जागा घ्यायचे आणि बसल्यावर शेजाऱ्याला सांगायचे, "आज जरा हाडात हाय. काल मांसात होता." पायाबद्दल ते दिवसभर बोलत. बायकोबद्दल कधी नाही.

परीक्षा दोनेक महिन्यांवर आली आणि एका सकाळी गुरम्माबाईंच्या दारात रिक्षा उभी राहिली. रिक्षात ट्रंक. ट्रंकेशेजारी किशनराव, आणि खाली रस्त्यावर सुकन्या, हाताची घडी घालून.

"मी येत नाही, अण्णा."

"येतीस. काय करायलीस हितं? रोज हादरे बसायलेत म्हण. यष्टीत ऐकलं मी."

पहाटेची बॅच नुकतीच सुटली होती. मुलं थांबली. वीरण्णा आला, पंढरीही चौकशी चालू ठेवायला आलेच होते. सर जिन्यावरून खाली उतरले, कठड्याला हात न लावता.

"किशनराव, मुलीचं वर्ष वाया जाईल."

"जाऊ द्या सर. डाक्टर न्हाई झाली तर न्हाई. एकदा बघितलंय म्या. दुसऱ्यांदा बघायला ताकद न्हाई माझ्यात."

"हे हादरे फार बारीक आहेत हो. त्यांना घाबरायचं कारण नाही."

"ते बी बारीकच होते आधी. कुणी मानलं न्हाई." किशनरावांनी पाय हातानं उचलून रिक्षात नीट ठेवला. "वाटी पडती ती उदगीरच्या गाडीनं न्हाई, ट्रकनं न्हाई, असं तुमीच म्हणलाव म्हण. शेषेराव सर खोटं बोलत न्हाईत, आख्खं लातूर सांगायलंय. तुमी म्हणला हादरा, म्हंजे हादरा."

शब्दाला एवढा मान मिळावा म्हणून माणूस आयुष्यभर झटतो. आणि तो मिळाला तेव्हा त्याच्या वजनाखाली एक मुलगी चिरडली जात होती. सुकन्या त्यांच्याकडं बघत होती. तिनं काही विचारलं नाही. ती प्रश्न विचारत नाही असं सरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मागं जिन्यात प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढं केला नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. नुसत्या उभ्या होत्या, शाळेत पोरगं उत्तर देईपर्यंत थांबतात तशा.

सर म्हणाले, "गुरम्माबाई, एक खुर्ची द्या."

गुरम्माबाईंना ऐकू आलं, पण पटलं नाही. त्यांनी पोळपाट आणून दिला. "खुर्ची," सर पुन्हा म्हणाले. मग मेसमधून एक लोखंडी घडीची खुर्ची आली. ती उघडताना कुरकुरली तेवढाच काय तो आवाज गल्लीत होता.

सर बसले. बसताना त्यांच्या तोंडातून "आई गंऽऽ" असा सूर निघाला, तो असा लांब आणि रुंद, की टाकीवरची कबुतरं उडाली. इतकी वर्षं रोज थोडा थोडा गिळलेला तो आवाज एकदम बाहेर आला होता.

"हाच तो हादरा," सर म्हणाले. "जमीन कधीच हलली नाही. माझी कंबर आहे."

वीरण्णा सगळ्यांत आधी सावरला. "मग मला दोन बसले ते?"

"ते तुमचे तुम्ही बघा."

वीरण्णानं विचार केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. "उभा म्हणलेला तो ह्यो असंल."

पंढरींनी कानावरचं पेन काढलं. "म्हंजे आपत्ती नैसर्गिक न्हाई. वैयक्तिक हाय. मग आमच्याकडं येत न्हाई." आणि नोकरीत पहिल्यांदाच एखादी चौकशी पूर्ण झाली म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला की गुरम्माबाईंनी त्यांना चहा दिला.

किशनराव रिक्षातून उतरले. लंगडत सरांपुढं येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा चिडलेल्या माणसाचा होता.

"कवापासून?"

"तेव्हापासून."

"कुठं?"

सरांनी गावाचं नाव सांगितलं. मारुतीच्या देवळामागची गल्ली, असंही सांगितलं. किशनरावांचा हात आपल्या पायावर गेला.

"अन् सांगितलं का न्हाई?"

"तुमच्याकडं माणसं गेली, किशनराव. मी कंबर काय सांगू?"

"का? तुमी न्हाई म्हणल्यानं माणसं परत यायलीत का?" किशनराव म्हणाले. मग खाली बघून, पायाला बोलल्यासारखं, "म्या तर ह्याचं इतकं बोलतो, का दुसरं बोलायला लागू नये म्हणून."

सुकन्या त्यांच्याजवळ सरकली. मग किशनराव खाकरले आणि त्यांचा मूळ स्वभाव परत आला. "पण आमच्या पायाइतकी न्हाई दुखत तुमची कंबर. थंडीत हाड असं कापतंय पायाचं, जसं करवतीनं."

"करवत बरी," सर म्हणाले. "माझ्या इथं सुताराचं गिरमिट फिरतं."

"गिरमिट बोथट असतंय."

"हे बोथट नाही."

रिक्षावाला कंटाळून ट्रंक उतरवून निघून गेला. दोघांचं संपलं तेव्हा दुपारची बॅच आली होती. सर खुर्चीसकट वर गेले, म्हणजे आधी खुर्ची गेली, मग सर, कठडा धरून.

दुसऱ्या दिवशी सरांना वाटलं, वर्ग निम्मा होईल. झाला दुप्पट. बसून शिकवणारे सर बघायला भोकरहून लोक आले. आता सर मूळचे मानी. मान कुठं ठेवायचा ती जागा फक्त बदलली. पूर्वी दुखत नाही याचा अभिमान होता, आता दुखण्याची जाण आहे याचा. नांदेडच्या डॉक्टरांकडून व्यायामाचा नवा कागद मागवला आणि रोज सकाळी खाटेवर पडून पाय छातीला लावता लावता प्रमोदिनीबाईंना सांगू लागले, "आज कळ नेहमीची आहे. ही काल जास्त वाकल्याची. आणि ही, थांब, ही नवीन दिसते." बाई म्हणायच्या, "ऐकतेय हो." पूर्वी घरात कंबर हा शब्द बंद होता, आता दुसरा शब्द निघत नव्हता. पण बाई तक्रार करत नसत. शेकाची पिशवी भरून देत.

बोर्डही बदलला: शेषेराव सरांचे फिजिक्स, सर्व तास बसून. महिन्याभरात केमिस्ट्रीच्या माधवराव सरांनी मानेला पट्टा बांधून वर्गात यायला सुरुवात केली आणि आपला भाचा बरा झाला असं जाहीर केलं. गणिताच्या सरांनी तर स्टेजवर दोन खुर्च्या ठेवल्या, एक बसायला आणि एक पाय ठेवायला.

आणि मग परीक्षेच्या थोडं आधी, एका दुपारी, ती गोष्ट झाली. सर ऑसिलेशन शिकवत होते. सुकन्या फळ्यावर लंबक काढत होती. टेबलावरची वाटी पडली. खण्णकन. पेला पडला.

सगळा वर्ग हसला आणि सरांकडं बघू लागला. "सर, कंबर?" मागून कुणीतरी म्हणालं.

सरांनी डोळे मिटले. एक हात मागं नेला आणि अंगणात कोण आलंय हे ओळखू पाहणाऱ्या माणसासारखे ते क्षणभर थांबले. आपल्या सगळ्या कळा त्यांनी एकेक करून तपासल्या. नेहमीची जागेवर होती. कालची झोपली होती. नवी शांत होती.

"ही माझी नव्हे," सर म्हणाले. "वह्या ठेवा. पहिल्या बाकापासून ओळीनं बाहेर."

कुणी धावलं नाही. कुणी ओरडलं नाही. स्वतःच्या कळा इतक्या नीट ओळखणारा माणूस नाही म्हणतो, तर ती कंबरेची नाहीच, यावर मुलांचा आता बोर्डापेक्षा जास्त विश्वास होता. जिना उतरताना मागच्या बाकावरच्या चार धिप्पाड पोरांनी सरांना विचारलंसुद्धा नाही. खुर्ची उचलली, सरांसकट. ज्या माणसाला पूर्वी लातुरात कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं, तो खुर्चीत ताठ बसून, हातात खडू घेऊन, पोरांच्या खांद्यावरून गल्लीत आला. नवरदेवाची वरात इतक्या रुबाबात निघत नाही.

खाली सगळी गल्ली जमली. पलीकडच्या गल्लीचे लोकही या वेळी बाहेर होते. वीरण्णा दुकानाबाहेर उभा होता आणि त्याच्यामागं जोडच्या जोड भांडी वाजत पडत होती.

"मला काय जाणवलंच न्हाई," तो पुटपुटला, आणि गुडघा चाचपून बघू लागला.

पत्रे थरथरले, टाकीतलं पाणी हिंदकळून दोन बादल्या रस्त्यावर सांडलं, आणि थांबलं. कुणाला काही लागलं नाही. संध्याकाळी कळलं की लहानसाच होता, यंत्रातही आला होता. पंढरी फाइल घेऊन धावत आले तेव्हा वीरण्णानं त्यांना सांगितलं की आता उशीर झाला, सरांनी आधीच ओळखला.

सर रस्त्याच्या मधोमध खुर्चीत बसले होते. मुलं भोवती उकिडवी बसली होती. सुकन्याच्या हातात अजून खडू होता.

"सर," ती म्हणाली, "थांबलं का?"

सरांनी पुन्हा मागं हात नेला. जरा डावीकडं. कपाळावर आठी आली, गेली.

"जमिनीचं थांबलं," ते म्हणाले. "माझं चालू आहे. वही नसेल तर ऐका. लंबक कुठपर्यंत आला होता?"